उत्तरासाठी सोडलेली जागा

फोनवर भाषा शिकताना एक बाई प्रश्न विचारते आणि आपण उत्तर देईपर्यंत थांबते, असं तुम्ही नातवंडांनी परवा मला सांगितलंत. तसे धडे मीही एकदा केले होते, खामगावात. कोणासाठी केले ते लिहून ठेवते. तुमच्याच घरातली ती बाई होती, आणि तिच्याविषयी सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकाने शाळेला टेपरेकॉर्डर दिला. दोन मोठ्या रिळांचा, आणि एकटीने उचलू नये असा जड. मुलींना इंग्रजी वाचता येई, पण कोणी बोललं की समजत नसे. म्हणून मी टेपवर एक प्रश्न बोले, मग रीळ फिरत असतानाच गप्प बसे, आणि त्यानंतर बरोबर उत्तर बोले. मधल्या वेळात मुलींनी आपलं उत्तर द्यायचं. सगळ्यात अवघड काम त्या गप्प बसण्याचं. जागा कमी पडली तर मुली गडबडत, जास्त झाली तर खिदळत. मग मी उत्तर मनातल्या मनात सावकाश म्हणून बघे आणि तेवढीच जागा सोडे. कापसाच्या गाड्या रस्त्याने जात असल्या तर त्या जागेत बैलांची घुंगरं वाजत.

माझी थोरली जाऊ मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती. तिचा एकुलता एक मुलगा कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेला आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. माझे भासरे, म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, बरेच दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पुढे मुलाने कळवलं, की दिवाळीला दोघं येतो. त्याच संध्याकाळी जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"धाकटे, मले इंग्रजी शिकव. सून घरात येईन अन् मी का तिच्यापुढं मुकी बसू?"

"अहो जाऊबाई, दिवाळीपर्यंत सगळं इंग्रजी कसं होईल?"

"सगळं कोणाले पाह्यजे? ती इचारीन तेवढं समजलं अन् मले सांगता आलं, बस झालं."

सुट्टीत शाळेच्या मोठ्या बाईंना विचारून मी टेप घरी आणला. सून काय काय विचारील याचा अंदाज करून तिच्या वतीने प्रश्न बोलले. हे फार तिखट आहे का, पाणी कुठे ठेवू, तुम्ही दमलात का. जाऊबाई भाकरी थापता थापता उत्तरं देत. हात पिठात आणि कान टेपकडे. त्यांचं उत्तर अर्ध्यावर असताना टेप पुढे बोलला की चिडत.

"थांब ना वं बाई, सांगून राह्यली ना मी! धाकटे, तुह्या मशिनीले काही दम नाही."

मी जागा वाढवल्या. ओसरीवर सुपारी कातरत बसलेले भासरे म्हणत, "आता म्हशीलेही इंग्रजीतून हाक मारशीन का वं?"

"म्हशीले समजते मराठी. समजत नाही ते तुमालेच."

एके ठिकाणी मात्र गाडी अडली. शाळेच्या धड्यातला क्रम मी तसाच उचलला होता. तुमचं नाव काय, गाव कोणतं, आणि मग, 'व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?' टेपने हे विचारलं आणि जाऊबाईंनी पिठाच्याच हाताने पदर पुढे ओढला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. घेतलं तर सणासमारंभाला, उखाण्यात. एरवी कोणी विचारलं तर जवळ बसलेल्या बाईने सांगायचं. जवळ मी होते, पण धाकट्या सुनेने भासऱ्यांचं नाव घेणं त्याहून वाईट. बोलून ठेवताना बरोबर उत्तराच्या जागी मीही अडले होते. तिथे टेपवर नुसती घुंगरं वाजत राहिली.

"उखाणा घेऊ का?" जाऊबाई म्हणाल्या. "तेवढी जागा आहे का तुह्या फितीत?"

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी एक वाट काढून दिली. 'माय सन विल टेल यू.' माझा मुलगा सांगेल. सून आली म्हणजे मुलगा शेजारी असणारच होता. सगळ्या धड्यांत जाऊबाईंना हे वाक्य आवडलं. प्रश्न पुरता व्हायच्या आत त्या ते म्हणून मोकळ्या होत.

दिवाळी तोंडावर असताना तार आली. रस्त्यावरच्या अपघातात तो गेला होता. चकलीची भाजणी दळून आणलेली होती, ती डब्यातच राहिली. टेप मी शाळेत पोचवला.

थंडीत सून एकटीच आली, अस्थी घेऊन. जलंबला गाडी बदलून ती खामगावला उतरली तेव्हा तुमचे आजोबा स्टेशनवर गेले होते. अस्थी नर्मदेत सोडल्यावर ती थोडे दिवस आमच्याकडे राहिली. तिने खरोखरच विचारलं, हे फार तिखट आहे का. जाऊबाई 'नो, ईट' म्हणाल्या आणि भाकरीवर तूप वाढलं. मी मध्ये बसत असे, पण मला फारसं बोलावं लागत नसे. भासरे मात्र तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. राग केव्हाच संपला होता. त्यांच्याजवळ तिच्यासाठी शब्दच नव्हते.

निघायच्या दिवशी तिला सासऱ्यांचा नीट निरोप घ्यायचा होता. त्यांचं नाव तिने नवऱ्याच्या नावामध्ये लिहिलेलं पाहिलं होतं, पण म्हणायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना इथे नावाने हाक मारत नाहीत हेही ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली आणि जाऊबाईंना विचारलं, 'हाऊ डू यू से युअर हजबंड्स नेम?'

"माय सन विल टेल यू," जाऊबाई म्हणाल्या.

नेहमीसारखं, लगेच. आणि म्हणताना सवयीने शेजारी बघितलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते नाव माझ्याही तोंडून निघणार नव्हतं. चुलीत काटक्या तडतडत होत्या. मग जाऊबाईंनी हात लुगड्याला पुसले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, मोठ्याने.

ओसरीवरचा अडकित्ता थांबला.

सुनेने ते नाव म्हणून पाहिलं, चुकलं. जाऊबाईंनी पुन्हा सांगितलं आणि तिचं म्हणून होईपर्यंत थांबल्या. परत चुकलं, परत सांगितलं. घाई केली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही. नीट जमल्यावर त्यांनी मान हलवली.

सून बाहेर गेली आणि तिने भासऱ्यांना नावाने हाक मारली. त्यांची आई गेल्यापासून त्या घरात त्यांना कोणी नावाने हाक मारली नव्हती. ते उठून उभे राहिले.