ही आत झोपली आहे

घड्याळवाल्यांना खोटं बोलता येत नाही, अशी सगळ्या गल्लीत ख्याती. "हे घड्याळ आता मेलं," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा माणूस. पण दुकान बंद करून, जुनी बोट घेऊन तीन महिन्यांच्या नदीप्रवासाला निघाले आणि पहिल्याच धक्क्यावर कुणी विचारलं, "एकटेच?" तर तोंडून निघून गेलं, "छे, ही आत झोपली आहे."

ही जाऊन दीड वर्ष झालं होतं. प्रवासाचा बेत तिचा, नकाशावरच्या पेन्सिलीच्या खुणाही तिच्याच.

खोटं एकदा अंगवळणी पडलं की जड जात नाही. रोज नवा धक्का, नवी माणसं. खातरजमा करायला कोण येतंय?

मग बोटवाल्यांचा मेळावा लागला. नकाशावर त्या जागी तिने दोनदा गोल काढलेला, म्हणून थांबले. सवयीने वेळेआधी पोचले, काठाला बोट बांधली आणि अडकले. मेळाव्यात बोटीला बोट लावून बांधतात, उशिरा येईल तो बाहेर. दुपारपर्यंत यांच्याबाहेर सहा बोटी. त्यांनी दोर सोडल्याशिवाय यांची सुटका नाही, आणि काठावर जाणारा प्रत्येक जण यांच्याच डेकवरून जाणार.

दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना पुढच्या टोकाकडून जायचं, मागे खोलीत डोकवायचं नाही, अशी तिथली रीत. यांना ती कुठली ठाऊक? लोक टाळायचे म्हणून खुर्ची नेमकी पुढच्या टोकाला टाकून, पाठ फिरवून बसले. झालं. जो तो यांच्या गुडघ्यांवरून ढांग टाकत विचारी, "वहिनी कुठायत?"

"झोपली आहे."

शेजारच्या बोटीवर एक नर्सबाई. नोकरी सुटली तरी नर्सपणा न सुटलेली. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग दोन वाट्या सूप घेऊन हजर.

"दोन दिवस कुणी झोपतं होय? सरका, नाडी बघते."

घड्याळवाले दारात आडवे उभे राहिले. "नका जाऊ."

"का, पसारा आहे? मी काय घर बघायला नाही आले."

"आत कुणी नाहीये. ती दीड वर्षापूर्वीच गेली."

नर्सबाईने हातातल्या वाट्या डेकवर ठेवल्या. मग म्हणाली, "आणि आमचे हे कालपासून शिट्टी वाजवत नाहीयेत. वहिनी उठतील म्हणून. सगळेच इथून चवड्यांवर जातायत."

घड्याळवाल्यांना हसू आलं. पाठोपाठ दुसरंही काही आलं, ते चष्मा पुसत राहिले.

"ही दुसरी वाटी कुणी प्यायची आता?" नर्सबाईने विचारलं.

"तुम्हीच. बसा," घड्याळवाले म्हणाले.

सकाळी त्यांना निघायचं होतं. सहाही जणांनी दोर सोडून वाट दिली. घड्याळवाले मधल्या धारेपर्यंत गेले, थोडं थांबले, वळले, आणि येऊन सगळ्यात बाहेरच्या बोटीला बांधून मोकळे झाले. आता काठावर जायला सहा घरं ओलांडणं आलं. पलीकडून कुणाची तरी शिट्टी ऐकू येत होती, सूर सोडून, पण जोरात.

दुपारी एक उशिराची बोट आली. यांच्या बाहेर लागायचं म्हणून तिच्यावरच्या बाईने दोर फेकला.

"एकटेच?"

"एकटाच," घड्याळवाले दोर झेलत म्हणाले. "पुढून या. थांबा, खुर्ची हलवतो."