अर्सेनियोचे संथ चेंडू

सन १९०० मध्ये क्यूबाच्या व्यावसायिक बेसबॉल लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश दिला. एलादियो कुएस्ता त्यानंतर दहाएक वर्षांनी जन्मला. कामाग्वे प्रांतातील ज्या साखर कारखान्याच्या संघात तो कॅचर होता, तिथे गोरे आणि काळे एकत्र खेळत. कारखान्याच्या वसाहतीतली पक्की घरे मात्र गोऱ्यांची. काळ्या कुटुंबाकडे तसे एकच घर होते, एलादियोचे. तेही तो संघात असेपर्यंतच.

१९४१ च्या अंतिम सामन्याआधी सरावात त्याचा डावा अंगठा मोडला. याच पंजात कॅचर पिचरचा चेंडू झेलतो.

"व्यवस्थापक साहेबांना सांगून टाक," बायको दोमितिला म्हणाली.

"सांगतो. मग बिऱ्हाड कुठं उतरवायचं तेही तूच सांग. आजचा सामना काढला की पुढच्या गळीत हंगामापर्यंत खेळ नाही. तोवर बसेल हाड."

मैदानावर पिचर अर्सेनियोने त्याला अडवले. तो गोरा, आणि समोरच्याच घरात राहणारा.

"हात दाखव."

"मागणी घालतोयस की काय?"

"अंगठ्याचा भोपळा झालाय, गड्या!"

"तू तुझं टाक. माझ्यासाठी हळू टाकलंस, तर तोंड बघणार नाही तुझं."

नऊ डावांपैकी पाचव्यापासून अर्सेनियोचे चेंडू संथ झाले. प्रतिस्पर्ध्यांनी ते बदडले. एलादियोच्या हातून एकही चेंडू निसटला नाही; संघ हरला. व्यवस्थापकाला पराभवाचे कारण हवे होते. त्याने एलादियोला हातमोजा काढायला लावला आणि अंगठा पाहून संघातून काढले.

घर रिकामे करताना अर्सेनियो पलंग उचलायला आला.

"ठेव खाली," एलादियो म्हणाला. या दोघांमधले हे शेवटचे ज्ञात बोलणे.

पुढे एलादियोने ऊस तोडला. त्याचा अंगठा पुन्हा वाकला नाही. १९५८ मध्ये तो परक्याच्या पडवीत वारला. अर्सेनियो शेवटपर्यंत त्याच पक्क्या घरात राहिला.

त्याने दया केली, असे दोमितिला म्हणे. तिची आणि एलादियोची मुलगी एदुविहेस हे मानत नाही: "दयाच होती, तर साहेबांपुढे तोंड का नाही उघडलं?" संघातल्या एका सोबत्याच्या मते अर्सेनियोचा खांदाच त्या वर्षी गेला होता, दुसरा लाचेचे नाव घेतो, पुरावा देत नाही. चेंडू संथ का झाले, हे ठरवता येत नाही. वेगवान चेंडू त्या अंगठ्याने अखेरपर्यंत सोसले असते का, हेही अज्ञातच आहे.