गाठी आधी

अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला भाव आला. तेव्हा आमच्या पलटणीची एक तुकडी अकोल्याला होती. मी नायक. बरोबरचा शेख रमजान जुन्या शहरातलाच. मोर्णा नदीकाठच्या एका कापसाच्या वखारीवर आमची गार्ड ड्यूटी असे. चिलीम ओढणाऱ्याला हाकलायचं, गाड्या रांगेत लावायच्या, एवढंच काम.

एका दुपारी वखार पेटली. कशी, ते कळलं नाही. मागच्या छपरीत बाया सरकी काढत होत्या. छपरीच्या दारापुढे कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यामुळे त्या आत अडकल्या. आमच्या तुकडीच्या क्याप्टनसाहेबांचा हुकूम झाला, वखारीच्या पुढच्या भागातल्या चांगल्या गाठी आधी बाहेर काढा.

रमजान म्हणाला, "साहेब, अंदर बाया हायेत."

"गाठी आधी."

रमजानने बंदूक खाली ठेवली आणि मागच्या छपरीकडे धावला. मी त्याच्या पाठोपाठ. दारातल्या गाठी ढकलून आम्ही आत शिरलो. चार बाया बाहेर निघाल्या. शेवटची दाराबाहेर पडली आणि छप्पर बसलं. रमजान खाली सापडला. त्याच्यावरचं जळतं लाकूड मी दोन्ही हातांनी उचलू पाहिलं. ते हललं नाही.

पलटणीच्या इस्पितळात चुन्याचं पाणी आणि जवसाचं तेल लावून माझे हात मुठीसारखे बांधले. जखमा भरल्या, पण बोटं तळव्यात वळलेलीच राहिली. मला डिस्चार्ज दिला.

दर्यापूरजवळ माझ्या गावी परतलो. धोतर माझी बायको गंगा नेसवी, घासही तीच भरवी. लोटा धरता येत नसे. उन्हाळ्यात त्या कातडीला घाम येईना, नुसती आग होई. हिवाळ्यात ती तडके. राग आला की मी कोपराने ताट उडवत असे. गंगा ते उचलून पुन्हा वाढी. रोज सकाळी कोमट पाण्यात हात भिजवून, तेल चोळून ती एकेक बोट उघडी आणि मग फळीला बांधून ठेवी. मी तिला शिव्या देई.

"वरडा, पन हात मांगं घेऊ नका," ती म्हणे.

डावा हात कधी उघडला नाही. उजव्याचा अंगठा आणि दोन बोटं कामाला आली. त्यांनी मी पहिल्यांदा भाकर मोडली, तेव्हा गंगा चुलीकडे तोंड करून बसली. पुढे नांगराची मूठ चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधून शेत नांगरलं.

मग सत्कारासाठी अमरावतीला बोलावणं आलं. व्यापारी जमले होते. माझ्या खांद्यावर शेला घालताना क्याप्टनसाहेब सांगत होते, रमजानने गाठींसाठी प्राण दिला.

मी म्हणालो, "खोटं हाय, साहेब. तुमी गाठी आधी म्हनलं. तो बायांसाठी गेला."

शेला तिथेच टाकून मी निघालो.

तिथून सरळ अकोल्याला, रमजानच्या आईकडे गेलो. साहेबांनी तिलाही तेच सांगितलं होतं.

"मेरा बेटा रुई के वास्ते मरा?" तिने विचारलं.

"नाही, अम्मा. गिरजा, सखू, तुळसा आनि फातमा. या चौघींसाठी. चौघी जित्या हायेत."

तिने ती नावं हळूहळू म्हटली. मग पुन्हा एकदा म्हटली, आणि शेवटी आपल्या मुलाचं.