बिनबल्लीचं छत

खबर आली तेव्हा मी जामसांवलीला मंडपाची जागा पाहून राहिलो होतो. जावई सायकल फेकून धावत आला. "मामाजी, घरी चला." त्याचं तोंड पाहूनच समजलं... सौंसरला घरी पोचलो तर शांता, माझी बायको, अंगणातच निजवलेली. सकाळी तर दोघांनी मिळून मंडपाचं छत उभं केलं होतं, लग्नाच्या सीझनच्या आधी शिवणी तपासायला.

ते छत तिचंच. लग्नाघरी व्हिडिओ लागायला लागले अन् लोकांची कटकट सुरू झाली, मधातली बल्ली, छताला टेकू देणारा खांब, टीव्हीसमोर येते. मी म्हटलं, बल्ली काढून छत काय आभाळाला टांगू? ती जावेसंगं ओली चादर वाळवून राहिली होती. जावेला म्हणाली, "तुहा एक कोपरा वर धर, एक खाली. माहे उलटे." चादरीला पीळ पडला, अन् हवा आली तरी ती फडफडली नाही. ढोलकीवानी ताणलेली. मग तसंच छत करायला, बल्ल्या फक्त कोपऱ्यांना ठेवून, तिनं कापडाच्या कडा आत गोल कापल्या, किनारीत दोर शिवला. शेजारचा हसला, "वहिनी, उंदरानं खाल्लं का?" ही म्हणते, "तुमच्या टेलरपेक्षा बरं कापते तो."

ओढायला मात्र दोघं लागायचे, दोन बाजूंनी, सारख्या जोरानं. कापडाआडून तिचा आवाज यायचा, "आनखी... आनखी... बस! आता शिंकू बी नका."

ती जाऊन महिना होऊन गेला. छत अजून अंगणात उभं. हवा सुटली, शिवणी उसवून राहिल्या. पोरगा म्हणते, "बाबा, उतरवू. फाटून जाईन." खरं आहे त्याचं. पण तिच्या बाजूच्या गाठी तिनं बांधलेल्या आहेत, त्या सकाळच्या. शेवटचा फेरा दातानं ओढून. त्या सोडल्या तर पुन्हा कोण बांधणार? पोराच्या अंगावर धावून गेलो मी. देवावरही गेलो असतो, समोर असता तर.

काल माझ्या बाजूचे दोर मीच सोडले. छत माझ्या बाजूनं जमिनीला टेकलं. तिच्याकडच्या गाडलेल्या बल्ल्यांवर अजून तग धरून आहे. दुपारी वाकून आत शिरलो, तिच्या गाठीला हात लावून बसलो. बाहेरून पोरगा ओरडला, "बाबा, निघा! अंगावर पडन!"

पडू दे ना बाप्पा... पडू दे.