पेटीतला पंप

उशांच्या कारखान्यात भरणीच्या खोलीत पंखा लावत नाहीत. लावला तर कापूस छताला जातो आणि सुपरवायझर बायकांच्या डोक्यावर बसतो. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि चौदा जणी दिवसभर गोणीतला कापूस मोकळा करून खोळीत कोंबतात. संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. नाकातोंडातून आत किती गेलं, ते कोण बघतंय? खोकला आला की "धुळीचा आहे, जाईल" म्हणायचं आणि पुढची खोळ घ्यायची.

मावशी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बावन्न वर्षांची, सगळ्यांत जुनी भरणीवाली, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सख्खी मावशी ती एकीचीच, शेजारी बसून उशांची तोंडं शिवणाऱ्या भाचीची. पण रखवालदारापासून सुपरवायझरपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत. बहीण गेल्यावर त्या पोरीला तिनेच वाढवलं. पोरीला लहानपणापासून दमा. आणि दुसरीकडे कुठे काम मिळेना म्हणून दम्याच्या पोरीला या कापसात आणून बसवलं, तेही मावशीनेच. ते तिला रोज टोचायचं, आणि टोचलं की ती आणखी चार जणांवर ओरडायची.

एकदा कारखान्यात दम्याचं शिबिर झालं. दोन नर्सबाई आल्या, फलक लागला, मालकांचे फोटो निघाले. एका बाईने पंप कसा ओढायचा ते करून दाखवलं. तो दाखवण्यापुरताच पंप होता. दाबला की फुस्स करतो, आत औषधाचा थेंब नाही. मावशीने हट्टाने तो मागून घेतला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तिची शाळा भरू लागली.

"आधी हलव. श्वास सगळा सोड. आता दाब आणि ओढ... हळू! गरम चहा पितेस का गं? आता दहापर्यंत धरून ठेव."

"पण मावशी, पंपाची सवय लागते म्हणतात," एक जण म्हणाली.

"जेवणाची लागली तेव्हा नाही घाबरलीस ती? रोजचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. आणि निळा, धाप लागली की. समजलं?"

सुपरवायझर दारातून हे ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "शिकवा, शिकवा. पण धाप लागणाऱ्या बाईला मी भरणीवर ठेवणार नाही. उद्या काही झालं तर मलाच विचारतील." तेव्हापासून भाची आपला पंप घरी ठेवून येऊ लागली. मावशीने विचारलं की म्हणायची, "आहे ना पिशवीत."

प्रथमोपचाराच्या पेटीत एक खरा पंप ठेवा, म्हणून मावशीने सुपरवायझरचं डोकं खाल्लं. चौथ्यांदा तो म्हणाला, "ठेवला!" यादीवर खूणही केली. त्याच आठवड्यात शिकवायचा पंप फळीवरून नाहीसा झाला. कुणीतरी सरावाला घरी नेला असेल, असं मावशीला वाटलं. पेटी उघडून बघायचं तिला सुचलं नाही. स्वतःच्या या एका चुकीला ती अजून माफ करत नाही.

त्या दिवशी मावशी गोण्या मोजून घ्यायला गोदामात गेली होती. खोलीत जुनी गोणी फोडली, तिच्यातून धुरळ्याचा लोट उठला आणि भाची छाती धरून खाली बसली. सुपरवायझर पेटी घेऊन धावला. खोटं कशाला बोला, खरंच धावला. बायका सांगत होत्या तसा त्याने पेटीतला पंप हलवला, दाबला. फुस्स. पुन्हा फुस्स. आठ वेळा. "ओढ, पोरी, ओढ!" पोरगी मुकाट्याने नुसती हवा ओढत होती आणि तिचे ओठ निळे पडत चालले होते.

मावशी आली, तिने पंप हिसकावला, उलटा केला आणि भिंतीवर फेकून मारला. मग कमरेच्या छोट्या पिशवीतून दुसरा काढला. तिचा स्वतःचा. अकरा वर्षं ती तो गुपचूप बाळगत होती आणि खोलीत कुणालाच पत्ता नव्हता. एक झोत, थोडा दम, मग पुढचा, असं करत तिने पोरीला अंगणातल्या हवेत नेलं. रुग्णवाहिका आली. दोन दिवस ऑक्सिजनवर काढून पोरगी वाचली.

तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. तो फेकलेला पंप तिने सुपरवायझरच्या टेबलावर आपटला.

"मावशी, हा तुम्हीच आणला होता."

"हो, मीच आणला! शिकवायला आणला, पेटीत घालायला नाही. काय लिहिलंय बघ त्यावर. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. "फक्त दाखवण्यासाठी. औषध नाही."

"आजच्या आज खरा आण. खिडकी उघड, कापूस उडाला तर उडू दे. आणि दम्यासाठी एकीलाही काढायचं नाही. नाहीतर आज एक उशी भरणार नाही."

"अहो, एका मुलीसाठी एवढं सगळं?"

"एका?" मावशी वळली. "ज्यांच्याकडे पंप आहे, त्यांनी काढा गं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कोपऱ्यातल्या म्हातारीने पिशवीत हात घातला. तिच्या मागून दुसरीने. टेबलावर एकेक करत पाच निळे पंप उभे राहिले. सुपरवायझरचा चेहरा पडला. "दुपारपर्यंत आणतो. कुणाला काढत नाही," तो पुटपुटला आणि खिडकीची कडी काढू लागला.

जिंकली की मावशी! पण ती त्या पाच पंपांकडेच बघत होती.

"परवा होते हे तुमच्याजवळ?"

सगळ्यांच्या माना खाली.

"माझी पोर तुमच्या डोळ्यांदेखत निळी पडत होती. आणि हे पिशव्यांत होते?"

मग ती म्हातारी हळूच म्हणाली, "तुमचाही कमरेच्या पिशवीतच होता की, मावशी. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

मावशीने कमरेच्या पिशवीतून आपला पंप काढला. तो तिने टेबलावर त्या पाचांच्या शेजारी ठेवला.