आबांपुढे मी बोललो ते

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. बोलायची वेळ अनेकदा आली, आणि प्रत्येक वेळी समोरच्यानं माझं कौतुकच केलं — मग जीभ रेटलीच नाही. कौतुक होत असताना माणूस खरं बोलतो का हो?

लोक म्हणतात, त्या काळात बहिणीला शिकवणारा भाऊ मी. हौसा आज मास्तरीण आहे ती माझ्यामुळे. हौसासुद्धा तेच म्हणते.

आम्ही कऱ्हाडाजवळच्या मलकापूरचे. लढाईची वर्षं होती, रॉकेल रेशनवर मिळायचं. घरात अभ्यासाला दिवा एकच. त्याच्या एका बाजूला मी, मॅट्रिकचा, आणि दुसऱ्या बाजूला हौसा — माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, मराठी सातवीत, फायनलच्या परीक्षेला बसणार होती; ती पास झालेल्याला तेव्हा मास्तरकी मिळायची. तिची एक खोड होती. वाचलेलं पुटपुटत राहायची, जणू कुणाला समजावून सांगतेय. आणि पाठ झालं की खुशाल माझ्या पुस्तकात डोकवायची. भूमितीतलं एक प्रमेय मी तीन दिवस घोकत होतो. तिनं बोट ठेवून विचारलं, ‘‘ह्यो कोन त्याच्यायेवढाच का, दादा?’’ मला सांगता आलं नाही. थोड्या वेळानं तिचं तिनंच सांगितलं. बरोबर होतं.

तेव्हा मी हसलो होतो, असं मला आठवतं. पण आत काहीतरी बसलं — घट्ट बसलं.

सहामाहीत मी भूमितीत नापास झालो. आबा, आमचे वडील, पलटणीतून पेन्शनवर आलेले, कमी बोलायचे. ओसरीवर मला समोर उभं करून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘का झालं आसं?’’

काय सांगायचं होतं मी? पुस्तक उघडं ठेवून मी तालमीतल्या कुस्तीचे डाव आठवत बसायचो. पान उलटायचो आणि काय वाचलं ते मलाच ठाऊक नसायचं. मन एका जागी बसतच नव्हतं. हे खरं होतं, आणि सांगण्यासारखंही होतं.

मी म्हणालो, ‘‘हौसा शेजारी बडबडत बसती. माझं ध्यान लागत न्हाई.’’

आबा म्हणाले, ‘‘मग उद्यापासनं तिनं वैरणीला जावं. दिवा येकच हाय. फायनल हून पोरीला काय करायचंय?’’

हौसा चौकटीत उभी होती. तिनं आबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. दादा आत्ता काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. मी खाली बघून धोतराचा सोगा नीट केला.

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा सुटली.

मग मला हवी ती शांतता मिळाली. दिवा माझ्या एकट्याचा. आई भांडं ठेवतानाही आवाज होऊ द्यायची नाही. आणि तुम्हाला सांगतो — एक ओळ डोक्यात शिरेना! कुस्त्या पूर्वीपेक्षा जास्त आठवायला लागल्या. आता दोष द्यायला शेजारी कुणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

घरातली ती शांतता सोसेना म्हणून एका दुपारी पुस्तक घेऊन मी रानात गेलो. हौसा बांधावर गवत कापत होती. माझ्यावर रागावलेली असेल असं वाटलं होतं. तिनं विळा न थांबवता विचारलं, ‘‘काय वाचतुयास, दादा?’’

मी सांगायला लागलो. चार वाक्यांत अडखळलो. ‘‘मंजी कसं?’’ ती म्हणाली. मला मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं. पुन्हा सांगितलं. ‘‘आणि ते तसंच का?’’ पुन्हा पुस्तकात डोकं. ऊन कलेपर्यंत आम्ही तेच करत होतो, आणि त्या सगळ्या वेळात मला एकदाही कुस्ती आठवली नाही.

मग रोजच जायला लागलो. जे वाचायचं ते तिला सांगायचं आहे म्हणून वाचायचं — म्हणजे मन पळत नाही. मी मॅट्रिक झालो तो असा.

निकालाच्या दिवशी आबांना म्हणालो, हौसाला पुन्हा बसू द्या, मी शिकवतो. आबा लगेच म्हणाले, ‘‘बसू दे की. दिवा आता रिकामाच हाय.’’

इतकं सोपं होतं ते! म्हणजे ओसरीवर, त्या दिवशीही, एका शब्दाचंच काम होतं. तो शब्द मी गिळला होता. आणि आता सारी आळी म्हणायला लागली — भाऊ असावा तर असा.

हौसा फायनल पास झाली, उशिरा, पण वरच्या नंबरानं. पुढे मास्तरीण होऊन जत तालुक्यातल्या एका गावी गेली. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल, तेव्हा मी तिला भेटायला गेलो. माळावरची एका खोलीची शाळा. पोरं जोडीजोडीनं बसली होती, एक धडा सांगतंय, दुसरं मध्येच अडवतंय — कुणी ‘का?’ म्हणून, कुणी कानडीत ‘याके?’ म्हणून. बाहेर मेंढरं ओरडत होती, पण एकाही पोराची नजर दाराकडे वळली नाही. मी उंबऱ्याशी उभा आहे हेही त्यांच्या गावी नव्हतं. हौसा मध्ये उभी होती, हातात खडू, चेहरा उजळलेला. तिला तसं पाहून मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं खोटं नव्हतं.

तिनं मला आत बोलावलं. पोरांना म्हणाली, ‘‘ह्यो माझा दादा. ह्यानं मला शिकवलं. न्हाईतर मी वैरणच कापत बसले असते.’’

सगळी पोरं उठून उभी राहिली आणि त्यांनी हात जोडले.

वैरणीला तिला मीच धाडलं होतं. आबांनी नाही, दिव्यानं नाही — मी. ती माझ्या पुढं चालली होती, म्हणून. ते सांगायला त्या खोलीइतकी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे मला तिथंच, उभ्या उभ्या, कळत होतं.

मी पोरांचा नमस्कार घेतला, आणि खाली बसा म्हणालो.