छापलेलं मागे कसं घेणार

दोन मुलांपैकी एकाचा खोकला थांबला. कुणाचा, ते आम्हाला लगेच कळलं नाही. भर दुपार, पण गोवर म्हणून खिडक्यांना चादरी लावलेल्या, उशाशी कडुलिंब, आठवडाभर घरात फोडणी नाही. माझा नातू आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यांची नात एकाच पलंगावर. झेरॉक्सवाले म्हणाले, "वहिनी, झोप लागली असेल." मी रिक्षा आणायला जिना उतरले.

कागदावर एवढा जीव लावणारा माणूस अख्ख्या नारायण पेठेत दुसरा नाही. हाती लागेल त्याला ते लॅमिनेशन करत. रेशनकार्ड, पत्रिका, बायकोने मरायच्या आदल्या दिवशी लिहिलेली वाण्याची यादीसुद्धा. तिचा 'अर्धा किलो साबुदाणा' भिंतीवरून अजून चकाकतो, त्याच्याकडे पाठ करून त्यांना बसवत नाही. माझ्या अर्जांच्या न सांगता दोन प्रती काढत. "एक तुम्ही हरवणार." गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे केला की म्हणत, "त्यात काहीही दिसतं. कागद आणा."

त्यांच्याकडे एक जुनं कात्रण होतं. परदेशातल्या कुणा डॉक्टरने मूठभर मुलं तपासून लिहिलं होतं, की गोवराच्या लशीने मुलं बोलायची थांबतात. त्याच्या प्रती ते तान्ह्या मुलांच्या आयांना वाटत. मला एक लॅमिनेशन करून दिली. मी चौथी शिकलेली, छापलं ते खरं. लेकीला म्हटलं, थांब जरा, लस नको. तिने माझं ऐकलं.

दवाखान्यातल्या सिस्टर तीन जिने चढून आल्या. "काका, तो अभ्यास खोटा होता. माहिती फिरवली होती. मासिकाने तो मागे घेतलाय." त्यांनी मोबाइल दाखवला.

"छापलेलं मागे कसं घेणार, बाई? कागद आणा."

मी हसले.

"आजी, तुम्ही तरी हसू नका," म्हणून त्या गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा खरंच कागद घेऊन आल्या. तोवर दोघांच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

हल्ली ते यंत्राचं झाकण उघडं ठेवून, काचेवर काहीच न ठेवता बटण दाबत बसतात. आतून एकामागून एक काळे कागद येतात. मी जाऊन म्हणते, "बंद करा ते. चहा घ्या." ते निमूट घेतात. माणूस वाईट नाही. आणि लेकीला सांगितलं ते मी.

त्यांची नात वाचली. माझा नातू वाचला नाही.